जन्मखुणांची कुळकथा

गेल्या वर्षीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं नातीच्या बारशाला जाण्याचा योग आला. पाळण्यांतलें मूल गुटगुटीत, नाकीडोळीं नीटस होतें. मात्र उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर, नखाचा ओरखडा उमटावा तशी, एक फिकट तांबूस रेघ दिसत होती. ती प्रथम आत्याबाईंच्या नजरेस आली. त्यांनीं बाळंतिणीकडे वळून विचारलें, "ग्रहणांत विळी-सुरी हातांत धरली होतीस का ग?" विचारण्यांत दुष्टावा मुळींच नव्हता, चार पिढ्यांनीं विचारलेला प्रश्न पांचवीनें विचारला, इतकेंच. बाळाची आई रसायनशास्त्राची पदवीधर. ग्रहण आणि विळी यांच्या संबंधावर तिचा काडीइतकाहि विश्वास नाहीं. तरी तिचे डोळे भरून आले. आणि त्या रात्रीं ती आपल्या आईजवळ बसून गरोदरपणाचे नऊ महिने दिवसादिवसानें आठवीत होती, असें आम्हांस पुढें कळलें.

हा प्रश्न आला कोठून, याचा शोध घेऊं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, जन्मखुणेविषयीं मनुष्यजातीनें शतकानुशतकें एकच गोष्ट विचारली : ही खूण काय सांगते? ती कोणाचा दोष दाखविते, कोणाचें भाग्य सुचविते, कोणाची ओळख पटविते? ही खूण पुढें काय करील, ती वाढेल कीं विरेल, डोळ्याला किंवा मेंदूला बाधेल कीं नाहीं, हें विचारण्याची पाळी फार उशिरां आली. पहिल्या प्रश्नाचें ओझें बहुतेक सगळें आईच्या माथीं बसलें, आणि दुसऱ्याच्या विलंबाचा भुर्दंड मुलानें भरला. या दोन प्रश्नांची हकीकत येथें सांगण्याचा विचार आहे. आम्ही वैद्य नव्हे, इतिहासाचे अध्यापक. तेव्हां जें सांगावयाचें तें इतिहासाच्या वाटेनेंच सांगूं.

खुणेच्या मानाच्या बाजूपासून आरंभ करावा हें बरें. वनपर्वांतील नलोपाख्यान वाचकांस परिचित आहेच. नळानें अरण्यांत टाकिल्यावर दमयंती चेदिदेशाच्या राजवाड्यांत सैरंध्री होऊन राहिली. तिच्या बापानें शोधार्थ धाडलेला सुदेव नांवाचा ब्राह्मण तेथें पोंचला, आणि राजमातेला तिची ओळख पटविण्यासाठीं त्यानें जो पुरावा पुढें केला तो तिच्या दोन भुंवयांमधील जन्मजात तिळाचा. तो मळाखालीं झांकून गेला होता. राजकन्या सुनंदेनें मळ पुसतांच तो स्पष्ट दिसूं लागला, आणि राजमाता ही दमयंतीची मावशीच निघाली. भाचीचा चेहरा मावशीला सांगूं शकला नाहीं तें एका तिळानें सांगितलें! ओळखीचा हा उपयोग पुढें दरबारी कागदांतहि शिरला. १८७९ ते १९१६ या काळांत फिजी बेटांत करारानें गेलेल्या हिंदी मजुरांच्या परवान्यांवर नांव, बापाचें नांव, जात, उंची यांच्या जोडीला अंगावरील खुणांसाठीं एक रकाना असे. ढाक्याकडील भोवालच्या संन्याशाचा जो प्रचंड दावा १९४६ सालीं प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन संपला, त्यांतहि मृत मानलेल्या कुमाराच्या आणि संन्याशाच्या अंगावरील खुणांची ताळेबंदासारखी तुलना झाली होती. खूण अशा रीतीनें उपयोगी पडली, तेथपर्यंत तिच्याविषयीं कोणाची तक्रार नव्हती.

आमच्या प्राचीन वैद्यांनीं तर खुणेकडे बऱ्याच निर्विकार दृष्टीनें पाहिलें होतें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांच्या अध्यायांत तिलकालक, मषक, न्यच्छ, जतुमणि अशीं निरनिराळीं नांवें आलीं आहेत. जतु म्हणजे लाख. जतुमणि म्हणजे जन्मापासून असलेला, किंचित् तांबडा, गुळगुळीत, न दुखणारा डाग. न्यच्छ हाहि जन्मजातच, पण काळसर किंवा पांढुरका, लहान किंवा मोठा. न दुखणें, जन्मापासून असणें, रंग, आकार, उंचवटा : आजचा त्वचारोगतज्ज्ञ पहिल्या भेटींत जीं लक्षणें टिपून घेतो त्यांपैकीं बहुतेक येथें आलीं आहेत. उपाय मात्र त्या काळाला साजेसा कठोर होता. जतुमणि, मस व तीळ शस्त्रानें काढून ती जागा क्षारानें किंवा अग्नीनें डागावी, असें चिकित्सास्थानांत सांगितलें आहे. या सर्व विवेचनांत आईचा अपराध कोठें आलेला नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु त्याच संहितेच्या शारीरस्थानांत दुसराहि एक धागा आहे. गर्भिणीच्या ठिकाणीं चवथ्या महिन्यांत दोन हृदयें होतात, म्हणून ती दौहृदिनी. आणि तिची इच्छा अपुरी ठेविली असतां मूल कुबडें, लंगडें, ठेंगणें किंवा नेत्रहीन निपजतें, असें तेथें म्हटलें आहे. आमचा 'डोहाळा' हा शब्द याच घराण्यांतला. मूळ उपदेश घरच्या मंडळींना होता, कीं गर्भिणीला दुखवूं नका, तिला हवें तें द्या. तो दयेचाच होता. पण दयेचा उपदेश उलटा फिरवला कीं त्याचा आरोप होतो. मुलाच्या अंगीं व्यंग दिसलें कीं आईच्या मनांत कांहीं तरी अपुरें किंवा अशुद्ध होतें, असा उलटा तर्क करणें लोकांना सोपें गेलें.

या तर्काची व्याप्ति पाहून मौज वाटते. फ्रेंच भाषेंत 'आन्व्ही' म्हणजे वासना, आणि 'आन्व्ही' म्हणजेच जन्मखूण. इटालियनांत 'व्होलिया' आणि स्पॅनिशांत 'आंतोखो' हे शब्दहि असेच दुहेरी आहेत. जर्मन लोक तर तिला सरळ 'मुटरमाल', म्हणजे आईची खूण, म्हणतात. एकमेकींचें तोंडहि न पाहिलेल्या समाजांनीं एकच शब्दकोश लिहावा, तसा हा प्रकार आहे. ग्रहणाची भीतीहि आमची एकट्याची नव्हे. सोळाव्या शतकांत मेक्सिकोंत राहून तेथील रीतिभाति लिहून ठेवणाऱ्या साहागुन नांवाच्या पाद्र्यानें नमूद केलें आहे कीं, चंद्रग्रहणांत तिकडच्या गर्भिणी काळ्या ज्वालामुखी कांचेचें धारदार पातें तोंडांत किंवा छातीशीं धरीत, म्हणजे मुलाचा ओंठ तुटका होत नाहीं. आमच्याकडे धारेचें हत्यार वर्ज्य, तिकडे तेंच रक्षक! दोन्ही देशांत तुटक्या ओंठाचीं मुलें जन्मावयाचीं तीं जन्मतच राहिलीं, हें सांगावयास नकोच.

युरोपांत खुणेनें याहून भयंकर रूप घेतलें. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स, जो पुढें इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स म्हणून बसला, त्यानें १५९७ सालीं चेटकाविषयीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सैतान आपल्या भक्तांच्या अंगावर खूण करतो आणि ती टोंचली तरी वेदना होत नाहीं, ही समजूत त्यांत पुरावा म्हणून मान्य केली आहे. १६४५ ते १६४७ या दोन वर्षांत मॅथ्यू हॉपकिन्स नांवाचा एक गृहस्थ पूर्व इंग्लंडांत गांवोगांव हिंडला आणि गरीब म्हाताऱ्या बायकांच्या अंगावरील तीळ, मस, चामखिळी हुडकवून कित्येकींना फांसावर चढविण्यास कारण झाला. म्हातारपणीं कोणाच्या अंगावर एखादा मस नसतो? पण ज्यांना खूण काय सांगते एवढेंच ऐकावयाचें असतें, त्यांना ती हवें तें सांगते.

आईच्या कल्पनेचा सिद्धान्त मात्र चेटकाप्रमाणें अडाण्यांचा नव्हता. तो विद्वानांचा होता, आणि म्हणूनच तो जास्त टिकला. डॅनियल टर्नर या लंडनच्या वैद्यानें १७१४ सालीं त्वचारोगांवर ग्रंथ लिहिला. इंग्रजी भाषेंतील या विषयावरचा तो पहिला ग्रंथ समजला जातो. त्यांत एक संपूर्ण प्रकरण आईच्या मनावरील आघात गर्भाच्या कातडीवर कसे उमटतात याला दिलेलें आहे. पुढें १७२६ सालीं सरे परगण्यांतील गॉडल्मिंग गांवच्या मेरी टॉफ्ट नांवाच्या गरीब स्त्रीनें असा बोभाटा केला कीं, गरोदरपणीं शेतांत सशाच्या मागें धांवल्यामुळें आपणांस आतां ससेच होऊं लागले आहेत. गंमतीची गोष्ट ही कीं, खुद्द राजाच्या पदरचा शस्त्रवैद्य सेंट आंद्रे यानें तें खरें मानलें! तिला लंडनला आणून पहाऱ्यांत ठेवल्यावर डिसेंबरांत तिनें लबाडी कबूल केली, आणि हॉगार्थनें त्या वैद्यांचें व्यंगचित्र काढून त्यांना जन्माचें हास्यास्पद केलें.

या फजितीनंतर दुसऱ्याच वर्षीं, १७२७ सालीं, जेम्स ब्लाँडेल या वैद्यानें एक लहानसें निनांवी पुस्तक काढून टर्नरच्या मतावर हल्ला चढविला. अनुभव, तर्क आणि शरीररचना या तिन्हींच्या आधारें त्याचें म्हणणें असें कीं, ज्यांनीं कांहींच पाहिलें नाहीं अशा आयांचीं मुलें डागांसह जन्मतात, आणि ज्या भीतीनें अर्धमेल्या झाल्या त्यांचीं निष्कलंक; मग कारण कोणतें आणि कार्य कोणतें? उत्तर-प्रत्युत्तरें १७३० पर्यंत चाललीं. आज वाचतां वादाचा निकाल उघड दिसतो, पण त्या वेळीं तो लागला नाहीं. याचें कारण आम्हांस असें वाटतें कीं, ब्लाँडेलजवळ खंडन होतें, पण पर्यायी कारण नव्हतें. आईनें केलें नाहीं, तर मग कोणी केलें? या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हतें; आणि उत्तर नसलेल्या सत्यापेक्षां उत्तर असलेली चूक लोकांना नेहमींच जवळची वाटते.

तें उत्तर येण्यास पुढें पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लागलीं, आणि त्याची वाट एका मुलीच्या चेहऱ्यावरून गेली. १८७९ सालीं विल्यम अॅलन स्टर्ज या डॉक्टरानें लंडनच्या वैद्यमंडळापुढें साडेसहा वर्षांची एक मुलगी आणली. तिच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर जांभळट-लाल, द्राक्षासवासारख्या रंगाचा मोठा डाग होता, उजवा डोळा मोठा झाला होता, आणि शरीराच्या डाव्या बाजूला झटके येत. मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या अंगाचें नियमन करतो. स्टर्जनें तर्क बांधला कीं, कातडीवर जो डाग दिसतो तसाच, त्याच बाजूला, मेंदूच्या पृष्ठभागावरहि असला पाहिजे. कवटी उघडून पाहण्याचा प्रश्न नव्हता. कित्येकांनीं मान हालविली. (या स्टर्जला पुढें गारगोटीचीं प्राचीन हत्यारें जमविण्याचें वेड लागलें, आणि त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमांत गेला. अदृश्य वस्तूचा दृश्य खुणेवरून माग काढण्याची हौस त्याला जन्मजातच असावी.) १९२२ सालीं पार्क्स वेबरनें क्ष-किरणांनीं मेंदूंतील तो विकार दाखविला, आणि रोगाला दोघांचें नांव पडलें.

येथें प्रथमच खूण कोणाचा दोष सांगते हें सोडून, खूण शरीरांत आणखी कोठें पोंचली आहे हें विचारलें गेलें. आम्हांस हा जन्मखुणांच्या इतिहासांतला खरा टप्पा वाटतो. आजहि कपाळावर आणि वरच्या पापणीवर जन्मतःच असा सपाट लाल डाग असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाबरोबर नेत्रवैद्य आणि बालरोगतज्ज्ञ यांना मूल लवकर दाखवावें असें जें सांगतात, तें स्टर्जच्या त्या मुलीमुळें; कारण अशा कांहीं मुलांना काचबिंदु होतो, कांहींना झटके येतात. मानेच्या मागें किंवा दोन भुंवयांच्या मध्यें जो फिकट गुलाबी डाग पुष्कळ नवजात अर्भकांना असतो, मूल रडलें कीं जो गडद होतो, तो मात्र निराळा व निरुपद्रवी. भुंवयांमधला बहुधा एकदोन वर्षांत मावळतो, मानेवरचा केसांखालीं कायम राहिला तरी कोणाच्या वाटेस जात नाहीं. द्राक्षासवी डाग मात्र जात नाहीं. मूल वाढतें तसा तो वाढतो, आणि उतारवयांत दाट व जाडहि होतो. सोव्हिएत रशियाचे अखेरचे अध्यक्ष मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरचा डाग सगळ्या जगानें पाहिला. पण आरंभीं त्यांच्या सरकारी तसबिरींतून तो पुसून टाकीत असत.

आतां ब्लाँडेलचें उत्तर. २०१३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं या डागांच्या कातडीचे व मेंदूचे तुकडे तपासले. स्टर्ज-वेबर रोगाच्या २६ पैकीं २३ रुग्णांच्या बाधित भागांत आणि नुसता डाग असलेल्या १३ पैकीं १२ जणांत जीएनएक्यू नांवाच्या जनुकांतील एकच अक्षर बदललेलें आढळलें. हा बदल आईकडून येत नाहीं, बापाकडून येत नाहीं. गर्भधारणेनंतर, वाढत्या गर्भाच्या एखाद्या पेशींत, नकल उतरवितांना लेखनिकाचा हात चुकावा तसा तो घडतो, आणि त्या पेशीच्या वंशजांपुरताच राहतो. म्हणूनच डाग एका बाजूला असतो आणि दुसरी बाजू स्वच्छ. आईनें काय खाल्लें, काय पाहिलें, काय चिरलें, याचा त्याच्याशीं कांहींहि संबंध नाहीं. १७२७ सालच्या पुस्तकाला २०१३ सालीं पुरावा मिळाला.

दुसऱ्या जातीच्या लाल खुणेची कथा वेगळी, आणि अधिक शोचनीय आहे. ही जन्मतः बहुधा नसते, किंवा फिकट ओरखड्याएवढी असते. पहिल्या कांहीं आठवड्यांत ती फुगूं लागते आणि पिकलेल्या स्ट्रॉबेरीसारखी लाल, उंच, मऊ गांठ होते. कांहीं महिने वाढून मग ओसरूं लागते. मुलींत व अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ती विशेष आढळते. ती आपोआप ओसरते ही गोष्ट लिस्टर नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें कित्येक मुलांवर वर्षानुवर्षें नजर ठेवून १९३८ सालीं दाखवून दिली. पण तोंवर, आणि त्यानंतरहि, विज्ञानाला नवें हत्यार मिळालें होतें. आणि नवें हत्यार हातीं आलें कीं तें चालवून पाहण्याचा मोह आवरत नाहीं. स्वीडनमध्यें स्टॉकहोम येथें १९२० ते १९५९ आणि गोटेबॉर्ग येथें १९३० ते १९६५ या काळांत हजारों तान्ह्या मुलांच्या या गांठींवर रेडियम ठेवण्यांत आलें. गांठी गेल्या, त्या तशाहि जाणारच होत्या. त्या देशांत नोंदी चोख असल्यामुळें पुढें या मुलांचा आयुष्यभर माग काढतां आला. थायरॉइड ग्रंथीच्या व स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण त्यांच्यांत अपेक्षेपेक्षां अधिक निघालें. आणि २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, तान्हेपणीं मेंदूवर अधिक किरण पडलेल्या मुलग्यांची लष्करभरतीच्या वेळच्या बौद्धिक चांचणींतील कामगिरी कमी असल्याचें दिसून आलें. आईच्या विळीनें जें केलें नव्हतें तें डॉक्टरांच्या कनवाळूपणानें केलें. त्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाहीं. पण आमच्या शिक्षितवर्गांत 'कांहीं तरी करून टाका' अशी जी घाई असते, तिला हा इतिहास ठाऊक असावा.

रेडियमच्या धड्यानंतर लंबक दुसऱ्या टोंकाला गेला. 'थांबा, जाईल आपोआप' हें सर्वांचें पालुपद झालें, आणि तें पुष्कळ मुलांच्या बाबतींत खरेंहि होतें. परंतु सगळ्यांच्या नव्हे. पापणीवरील गांठीनें डोळा झांकला गेला तर, मागचा डोळा निरोगी असूनहि, पाहण्याची संवय न लागल्यामुळें त्याची दृष्टि कायमची मंद होते. हनुवटी व गळ्यावर दाढीच्या जागीं पसरलेल्या गांठीबरोबर श्वासनलिकेंतहि गांठ असूं शकते. ओंठावरची किंवा लंगोटाच्या जागेंतली चिघळते. आणि अंगावर पांच किंवा अधिक गांठी असल्या तर यकृताचीहि तपासणी करून घ्यावी लागते. त्यांतच नांवांचा गोंधळ. गांठीला आणि द्राक्षासवी डागाला एकाच नांवाखालीं कोंबल्यामुळें, एकाचें भविष्य दुसऱ्याच्या आईबापांना सांगितलें जाई. न जाणाऱ्या डागाला 'जाईल' म्हणत, जाणाऱ्या गांठीला कापीत. बॉस्टन येथील मलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनीं १९८२ सालीं पेशींच्या वाढीवरून दोन्हींची कायमची फारकत केली. नांव बरोबर ठेवणें हेंच अर्धें औषध, याचें इतकें स्पष्ट उदाहरण आम्हांस दुसरें आठवत नाहीं.

उरलेलें अर्धें अपघातानें सांपडलें. फ्रान्समधील बोर्दो शहरीं एका बाळाच्या नाकावर अशी गांठ होती. त्यासाठीं स्टेरॉइड चालू असतां बाळाच्या हृदयाला विकार झाला, म्हणून हृदयरोगासाठीं प्रोप्रॅनोलॉल हें औषध देण्यांत आलें. दुसऱ्याच दिवशीं गांठीचा भडक लाल रंग जांभळट झाला आणि ती मऊ पडली. डॉक्टर क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनीं योगायोग म्हणून तें सोडून दिलें नाहीं. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अकरा मुलांचा अनुभव २००८ सालीं प्रसिद्ध केला. प्रोप्रॅनोलॉल हें कांहीं नवलाचें औषध नव्हे. जेम्स ब्लॅक यांनीं तें शोधून कित्येक दशकें लोटलीं होतीं, त्यांना १९८८ चें नोबेल पारितोषिकहि मिळून चुकलें होतें. पुढें २०१५ सालच्या पद्धतशीर प्रयोगांत सहा महिन्यांनंतर औषध घेतलेल्यांपैकीं ६० टक्के मुलांच्या गांठी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेल्या. नुसतें निरौषधी द्रव घेतलेल्यांत हें प्रमाण ४ टक्के होतें. औषध नाडी व रक्तांतील साखर कमी करूं शकतें, म्हणून तें तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं, दूध पाजूनच द्यावयाचें असतें. मात्र एक अट काळाची आहे. गांठीची सर्वांत जोराची वाढ पांचव्या ते सातव्या आठवड्यांत होते. तेव्हां डोळा, नाक, ओंठ, हनुवटी अशा जागची गांठ तज्ज्ञाला दाखवावयाची ती महिन्याभराच्या आंत; 'सहा महिन्यांची होऊं दे, मग पाहूं' हा सल्ला म्हणजे गाडी गेल्यावर तिकीट काढणें होय.

द्राक्षासवी डागालाहि दिवस बरे आले. १९८३ सालीं अँडरसन आणि पॅरिश यांनीं असा विचार मांडला कीं, रक्ताचा लाल रंग जो प्रकाश शोषतो, नेमका त्याच रंगाचा प्रकाश, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी काळ सोडला, तर रक्तवाहिनी जळेल आणि भोंवतालची कातडी वांचेल. त्या तत्त्वावरच्या लेसरनें लहान मुलांवर केलेल्या उपचाराचे परिणाम १९८९ सालीं प्रसिद्ध झाले. डाग समूळ जातोच असें नाहीं. फिकट होतो, आणि अनेक वेळां यावें लागतें. आमच्या सांवळ्या कातडींतील रंगद्रव्यहि तो प्रकाश थोडा शोषून घेतें, त्यामुळें नवे काळे-पांढरे चट्टे उठण्याचा संभव असतो; म्हणून अशा कातडीवर काम केलेला जाणता हात पाहावा, सौंदर्यगृहाची पाटी पाहून जाऊं नये.

काळ्या-निळ्या खुणांविषयीं थोडक्यांत सांगतों. मुलांच्या कमरेवर व कुल्ल्यांवर जो निळसर डाग असतो, त्याचें वर्णन १८८५ सालीं टोकियो येथें नोकरीस असलेल्या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टरानें केलें आणि तो मंगोल वंशाची खूण समजला. ती समजूत चुकीची; आफ्रिकेंत, आणि आमच्या इकडे घरोघर, तो दिसतो. रंगपेशी कातडींत खोल राहिल्यामुळें त्या निळ्या भासतात, आणि डाग बालपणींच विरतो. मात्र विलायत-अमेरिकेंत राहणाऱ्या आमच्या मंडळींनीं जन्मतःच त्याची नोंद डॉक्टरांकडून करून घ्यावी, कारण तो मुका मार समजून आईबापांवरच संशय घेतल्याचे प्रसंग घडलेले आहेत. पुन्हा दोष घरच्यांवरच! चेहऱ्याच्या एका बाजूला, डोळ्याच्या पांढऱ्या भागासकट, जो निळा-करडा डाग असतो, त्याला १९३९ सालीं त्याचें वर्णन करणाऱ्या ओता यांचें नांव आहे. हे मासाओ ओता किनोशिता मोकुतारो या नांवानें लिहिणारे जपानचे मान्यवर कवि व नाटककारहि होते. हा डाग असेल तर डोळ्यांतील दाबाची तपासणी अधूनमधून करवून घेणें इष्ट.

जन्मजात काळा तीळ लहान असेल तर त्यापासून भय फारच थोडें. परंतु मोठेपणीं वीतभर पसरेल एवढा, किंवा केसाळ पट्ट्यासारखा असेल, तर तो जन्मापासूनच तज्ज्ञाच्या नजरेखालीं असावा. तिळांतून कर्करोग होतो व तो घराण्यांतहि चालत येतो, हें स्टूरब्रिजच्या विल्यम नॉरिस या साध्या गांवडॉक्टरानें १८२० सालींच एका रोग्यावरून लिहून ठेविलें होतें. न्यूयॉर्कच्या तिघा डॉक्टरांनीं १९८५ सालीं तीळ पाहण्याची सोपी रीत बसवून दिली : दोन अर्धीं सारखीं नसणें, कडा दातेरी असणें, रंग अनेक असणें, व्यास पेन्सिलीच्या बुडाहून मोठा असणें, पुढें २००४ मध्यें तीळ बदलत राहणें हेंहि त्यांत घातलें. आमच्या लोकांत हा कर्करोग विरळा, पण झाला तर तळपाय, तळहात, नख अशा, कोणी न पाहणाऱ्या जागीं होतो. दुधाच्या कॉफीच्या रंगाचे एकदोन डाग पुष्कळांना असतात. लहान मुलाच्या अंगावर पांच मिलिमीटरांहून मोठे असे सहा किंवा अधिक असले तर मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक रोगाचा विचार करावा लागतो. आणि पाठीच्या कण्यावर, कमरेच्या खालीं, बरोबर मध्यरेषेवर लाल गांठ, केसांचा झुबका किंवा खळगा दिसला, तर खालच्या मज्जारज्जूची तपासणी करून घ्यावी. स्टर्जचाच धडा पुन्हा : खूण कोठें आहे यावरून आंत काय असेल तें ओळखावयाचें.

बारशाच्या त्या मुलीचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. ग्रहणाचा प्रश्न आणि 'जाईल आपोआप' हें उत्तर, या दोहोंच्या मध्यें चार आठवडे गेले. पापणीवरची रेघ गुंजेएवढी झाली, मग चणाडाळीएवढी, आणि उजवा डोळा अर्धा मिटूं लागला. मुलीचा बाप दर रविवारीं एकाच खिडकीशीं, एकाच वेळीं तिचें छायाचित्र घेत असे. त्या चार चित्रांची ओळ पाहूनच त्यानें आणखी थांबण्यास नकार दिला. त्वचारोगतज्ज्ञानें नेत्रवैद्याला बोलाविलें, औषध सुरू झालें, आणि आठवड्याभरांत डोळा उघडूं लागला. पहिल्या वाढदिवसाला आम्ही गेलों तेव्हां पापणीवर फिकट सुरकुतीसारखें कांहीं तरी उरलें होतें. ठाऊक असल्यावांचून दिसलें नसतें. नेत्रवैद्यानें दोन्ही डोळ्यांची दृष्टि सारखी असल्याचें सांगितलें आहे. आत्याबाई मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डाग कुठें होता, तें त्यांना चटकन आठवेना. त्यांनीं डाव्या पापणीवर बोट ठेविलें, आणि मुलीच्या आईनें हंसून त्यांचें बोट उजवीकडे नेलें.